दोन हिसके

आम्हाला लोक झाडतोडे म्हणायचे आणि मला त्याचा संताप यायचा. झाड तोडायला काय लागतं? कुऱ्हाड लागते, अक्कल नसली तरी भागतं. आमचं काम निराळं. घरावर झुकलेली फांदी एकाही कौलाला धक्का न लावता खाली आणायची, आंब्यावरचं बांडगूळ खरवडून काढायचं, वठलेला शेंडा उतरवायचा, कापल्या जागी शेणमाती थापायची आणि झाड पुढच्या हंगामात पुन्हा फळाला येईल असं ठेवून घरी जायचं. डॉक्टर माणसाचा पाय कापतो, त्याला कोणी पायतोड्या म्हणतं का? हे मी एकदा बस्त्यावला ऐकवलं. तो म्हणाला, "डाक्टर काय पेशंटच्या खांद्यावर बसून पाय कापतो? त्याच्यापेक्षा आपला धंदा कठीन." आणि त्यानं विडी पेटवली.

बस्त्याव म्हणजे सेबॅस्टियन. ते नाव चर्चच्या दप्तरात; वाडीत सगळे बस्त्यावच म्हणत. तो निर्मळचा, मी आगाशीचा. तो चढायचा, मी दोर धरायचो. माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, आणि माझी बायको भांडणात हे बरोबर बाहेर काढायची.

कामाची रीत अशी. चढणारा कमरेला काथ्याचा दोर बांधून वर जातो. वर एखादी भक्कम फांदी निवडून तिच्यावरून दोर घेतो. दुसरं टोक खाली माझ्याकडे, शेजारच्या माडाला वेढा देऊन. वरच्याचा पाय सुटला तरी तो त्या फांदीला लोंबकळतो, खाली येत नाही. म्हणजे सगळा जीव त्या एका फांदीवर. आता ती आतून भरीव आहे की पोखरलेली, हे बाहेरून दिसत नाही. आंबा तर महा लबाड. आत भुसा झालेला असतो आणि वर पालवी मिरवत असतो. म्हणून कोयत्याच्या पाठीनं ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव फांदी ठक्क वाजते, पोकळ फांदी डब वाजते. झालं, एवढंच शिक्षण. पण ते कानात उतरायला वर्षं जातात.

आणि एक नियम होता. वर असेल त्याचं राज्य. खालच्यानं बोलायचं नाही, सुचवायचं नाही, अगाई-अगाई करायचं नाही. मग तो झाडाचा मालक असो नाहीतर गावचा पाटील. खालून चार तोंडं बोलायला लागली की वरचा माणूस खाली बघतो, आणि खाली बघणारा खालीच येतो. बायकांना हा नियम फार जड जायचा असं बस्त्याव म्हणायचा. मी म्हणतो पुरुषांना जास्त.

आता मुख्य गोष्ट. बस्त्यावला ऐकू येईनासं झालं होतं.

हे तिघांनाच ठाऊक होतं. मला, त्याला आणि देवाला. आणि तिघांपैकी कोणीही बोलत नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या वादळानं वसईपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांची पार दशा करून टाकली. माड मोडले, केळी झोपल्या, आंबे घरांवर कलले. आम्हाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. त्या धावपळीत माझ्या ध्यानात आलं, की पाठीमागून हाक मारली तर बस्त्याव ओ देत नाही. समोर बसून बोललं तर त्याला सगळं कळायचं, काही ओठ बघून, काही सवयीनं. पाठ वळली की संपलं.

मग गास गावातल्या लग्नाचा प्रकार झाला. बस्त्याव चर्चच्या बँडमध्ये कर्नेट वाजवायचा, आणि झकास वाजवायचा. त्या लग्नात बाकीचा बँड थांबला तरी हा एकटा डोळे मिटून वाजवतच राहिला. मांडवात हशा पिकला. "बस्त्यावला आज जास्त झाली," असं कोणीतरी म्हणालं. त्यानं ते हसण्यावारी नेलं. पण घरी जाऊन कर्नेट ट्रंकेत ठेवून दिलं, दात हलतात म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून लग्न नाही, सण नाही, बँड नाही. रविवारी मिस्सा झाली की सरळ घर. बँडमधले त्याचे सोबती रस्त्यात भेटले तर हा पलीकडच्या बांधावरून जायचा. जिथं हसं झालं तिथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा स्वभाव.

म्हणून मी गप्प. त्याला तोंडावर सांगितलं असतं की बाबा, तुझे कान गेले, तर झाडंही ट्रंकेत गेली असती आणि त्यांच्याबरोबर मीही. उद्या मला बघून तो पलीकडच्या बांधावरून गेला असता. ते मला झेपलं नसतं. माणसाला सोबती किती असतात? मला हा एकच होता.

पण झाडाला आपल्या गप्प बसण्याशी काय देणंघेणं? बोळिंजच्या एका चिंचेवर वेळ आली. बस्त्यावनं वर एक फांदी ठोकली. डब. मला खाली स्वच्छ ऐकू आलं. त्यानं पुन्हा ठोकली, फांदीला कान लावला, आणि मग खाली माझ्याकडे बघितलं. त्याला मदत हवी होती आणि ती मागायची नव्हती. खाली वाडीवाले उभे, ओरडून सांगावं तर चारचौघांत शोभा. माझ्या हातानं मला न विचारता दोराला दोन हिसके दिले. बस्त्यावनं ती फांदी सोडली. दुसरी ठोकली. ठक्क. मी एक हिसका दिला. त्यानं दोर तिच्यावरून घेतला आणि बिनघोर कामाला लागला.

संध्याकाळी बांधावर बसून आम्ही विड्या ओढल्या. भाताबद्दल बोललो, बोंबलांबद्दल बोललो, माझ्या बायकोच्या जिभेबद्दल बोललो. हिसक्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून तेच चालू झालं. एक हिसका म्हणजे भरीव, दोन म्हणजे पोकळ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग आमच्यात फेबियन आला. बस्त्यावचा जावई, मॅग्डलीनचा नवरा. पाचूबंदरचा. त्यांची होडी त्याच वादळात फुटली होती, नवी होईपर्यंत सासऱ्याच्या हाताखाली काम शिकतो म्हणाला. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. पहिल्या दिवशी त्यानं आमच्या गाठी बघितल्या आणि हसला. "ही गाठ? ही तर मासळीसुद्धा सोडवील."

"मग तू बांध," बस्त्याव म्हणाला.

त्यानं बांधली. चांगली बांधली, मी ओढून बघितली. पण मी कशाला कबूल करतो? म्हटलं, "बरी हाय. जाळ्याला शोभेल."

फेबियनला ठोकून ओळखायला शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही त्याला झाडाखाली बसवायचो, डोळे मिटायला सांगायचो. कुठलीही फांदी ठोकली तरी म्हणायचा, "पोकळ."

"अरे, ही भरीव हाय."

"असू दे की. पोकळ म्हटलं की कोन मरत नाय."

"आनि कामही होत नाय," बस्त्याव म्हणायचा. "सासरा झाडावर, जावई पान्यावर, माझी मॅग्डलीन बिचारी जमिनीवर दोघांची वाट बघत." तो ओठ बघून बोलायचा, आणि फेबियन तोंड उघडून, हातवारे करत मोठ्यानं बोलणारा, त्यामुळे दोघांचं छान जमलं. फेबियनला कधी काही संशय आला नाही. होडीवर सगळेच ओरडून बोलतात.

त्या वर्षी नाताळाच्या तोंडावर माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. ज्याला झालं असेल त्यालाच त्या ठणक्याची कल्पना. बायकोनं एक लिंबू टोचून माझ्या अंगठ्यावर टोपीसारखं बसवलं आणि वर चिंधी बांधली. रस्त्यानं जाताना पोरंटोरं लिंबूवाला म्हणून हसायची. दोर धरणं तर सोडाच, पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता.

आणि नेमकं तेव्हा नंदाखालच्या आल्बिनाबायचं काम निघालं. आल्बिनाबाय म्हणजे एकटी राहणारी विधवा बाई, घराच्या मागं जुना आंबा. लोणच्याला तिच्या कैऱ्या आगाशीच्या बाजारात नाव घेऊन विकल्या जायच्या. वादळानं त्या आंब्याची एक मोठी फांदी स्वयंपाकघरावर कलली होती. दोन पावसाळे तिनं कळ काढली. आता नाताळला मुंबईहून मुलगी-नातवंडं यायची होती आणि रात्री वारा सुटला की फांदी कौलांवर कुरकुरायची. झाड ठेवा, फांदी काढा, आणि नाताळाच्या आत काढा, असा तिचा हुकूम होता.

मी बस्त्यावला म्हटलं, "माझा अंगठा बरा होऊ दे. मग बघू."

"नाताळ तुझ्या अंगठ्यासाठी थांबनार हाय काय?"

"मग दोर कोण धरणार?"

"फेबियन. होडीवर जन्मलाय तो. त्याला दोर धरायला तू शिकवनार, काशीराम?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू नुसता येऊन बस की. घरी बसून लिंबूच तर बघनार."

मला कळलं. त्याला माझे कान हवे होते. पण खाली हात दुसऱ्याचा असणार आणि त्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मी फेबियनला काहीतरी सांगेन, आणि सांगताना त्याची अब्रू राखीन, असं त्यानं मनाशी धरलं असावं. सगळं अवघड काम माझ्यावर ढकलायची त्याला जुनी खोड होती.

सकाळी केळीबागेतल्या वाटेनं जाताना बस्त्याव पुढं, आम्ही दोघं मागं. मी फेबियनला म्हटलं, "हे बघ, तो वर फांदी ठोकेल. ती भरीव असली तर तू दोराला एक हिसका द्यायचा, पोकळ असली तर दोन."

"का? तोंडानं सांगतो ना."

"नाही. वरच्याशी बोलायचं नाही, हे सांगितलंय ना तुला?"

"मग त्यांना ठोकून कलत नाय काय? मलाच विचारतात?"

"पद्धत हाय," मी म्हटलं. जगात ज्याचं उत्तर देता येत नाही त्याला पद्धत म्हणतात.

"पन मला तर सगल्याच पोकळ वाटतात, काका."

"म्हणूनच तू माझ्याकडे बघायचं. मी ओट्यावर बसलेला असेन. मी बोटं दाखवीन. एक म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. मी दाखवल्याशिवाय दोराला हात हलवायचा नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्या लिंबाकडे बघून हसला. "ते बोट मोजायचं काय नाय?"

आल्बिनाबायनं घराला नुकताच चुना लावला होता. अंगणातला क्रूससुद्धा पांढरा शुभ्र. तिनं आम्हाला पहिल्यांदा बजावलं ते चुन्याला पाठ लावू नका म्हणून. दुसऱ्यांदा बजावलं ते कौलांबद्दल. तिसऱ्यांदा काही सांगणार तेवढ्यात बस्त्याव चढायला लागला होता, आणि मी तोंडावर बोट ठेवून तिला नियम समजावला. ती पदर तोंडाशी धरून आत गेली आणि खिडकीतून बघायला लागली.

बस्त्याव पन्नाशीचा, पण झाडावर गेला की वय खाली ठेवून जायचा. टाचा खोडाला चिकटवून, पाठीवर कोयता, तोंडात विडी तशीच. मधल्या बेचक्यात जाऊन बसला. तिथून वर दोन फांद्या फुटल्या होत्या. एकीवरून दोर घेऊन त्याला त्या कललेल्या फांदीवर जायचं होतं. खाली फेबियननं माडाला वेढा घेतला होता आणि पाय रोवून उभा होता. मी ओट्यावर, लिंबू मांडीवर घेऊन.

बस्त्यावनं जवळची फांदी ठोकली. चांगली मांडीएवढी जाड, वर हिरवीगार पानं.

डब.

मी दोन बोटं वर केली. पण फेबियननं माझ्याकडे बघण्याआधीच, वर सासरा सरकला हे पाहून, दोराचा ढिला पडलेला भाग आवळला. होडीवरचा माणूस. दोर हातात आला की तो पहिल्यांदा एकदा खेचून बघतो, घट्ट आहे ना म्हणून. तशी त्याच्या हाताला सवय. त्यानं खेचला. एकदाच.

बस्त्यावच्या कमरेला एक हिसका बसला. एक म्हणजे भरीव.

त्यानं मान डोलावली, दोर काढून त्या फांदीवरून टाकला आणि बेचकं सोडायला पाय उचलला. फेबियननं आता माझ्याकडे बघितलं. माझी दोन बोटं बघून त्याचा चेहरा उतरला, पण हात हलेना. एकदा खेचलेलं परत कसं घ्यायचं, हे त्याला कुठून ठाऊक? ओरडून उपयोग नव्हता. ओरडून उपयोग नाही हे फक्त मलाच माहीत होतं.

ओट्यावरून माडापर्यंत मी कसा पोचलो, सांगता यायचं नाही. अंगठा, लिंबू, चिंधी, सगळं घेऊन मी दोर पकडला आणि दोन हिसके दिले. थांबून पुन्हा दोन. पुन्हा दोन. लिंबू फुटलं, रस मनगटावरून ओघळला, डोळ्यांपुढं काजवे चमकले.

वर बस्त्यावचा पाय हवेतच थांबला. त्यानं खाली बघितलं. आधी फेबियनकडे, मग दोर धरलेल्या माझ्याकडे. मग त्यानं पाय परत बेचक्यात घेतला, दोर त्या फांदीवरून काढला, आणि बसल्या जागेवरून फांदीला टाचेनं एक धक्का दिला.

एवढंसं निमित्त तिला पुरलं. ती कडाडली, मोडली आणि खाली आली ती आल्बिनाबायच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबड्या अंगणात चरत होत्या म्हणून वाचल्या. फांदीच्या तुटल्या तोंडातून काळा भुसा सांडत होता. वरची पानं अजून हिरवीच होती.

फेबियन तोंडावरून क्रूसाची खूण करत होता. मी खाली बसलो.

आल्बिनाबाय बाहेर आली. "कौलं वाचवायला बोलावलं तर कोंबड्यांना बेघर केलंत! आता अंडी काय झाडावर घालतील?" पण फांदीतला भुसा तिनं बघितला आणि आवाज खाली आला. "थांबा, च्या टाकते," म्हणून ती आत गेली.

बस्त्याव उतरला. आमच्याकडे न येता त्या मोडलेल्या फांदीजवळ जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसला. भुसा चिमटीत घेऊन बघत राहिला. आल्बिनाबाय चहा आणि पाव घेऊन आली. "बस्त्याव, च्या." तो हलला नाही. "बस्त्याव! अरे च्या घे, निवेल." तरी नाही. ती हसली. "बहिरा झालास की काय रे?"

बाईनं सहज म्हटलं होतं. पण फेबियनच्या हातातला पाव तसाच राहिला. त्यानं सासऱ्याच्या पाठीकडे बघितलं, मग दोराकडे, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली नाही. पोरगा हुशार होता, फांद्यांच्या बाबतीत नसेना का. त्यानं पाव खाली ठेवला, चहाचा कप उचलला, सासऱ्याच्या समोर जाऊन बसला आणि कप त्याच्या पुढं धरला. "मामा, च्या."

बस्त्यावनं कप घेतला. "पहिला हिसका कोनी दिला?"

"मीच, मामा. होडीवरची सवय. दोर धरला की आवळून बघतो."

"आनि मागचे?"

फेबियननं माझ्याकडे बोट केलं. बस्त्याव वळला. मी तसाच बसलो होतो, हाताला लिंबाचा चोथा लागलेला, चिंधी सुटलेली.

"अंगठा कसा हाय?"

"फुटला एकदाचा," मी म्हटलं. "ठणका गेला. वैद्याकडे जायचं वाचलं."

तो हसला नाही. चहा पिऊन झाला तसा उठला आणि कमरेचा दोर सोडायला लागला. सावकाश सोडला, हातावर वेढे घेत गुंडाळला. कर्नेटही असंच निगुतीनं पुसून ट्रंकेत ठेवलं होतं, हे त्याच्या बायकोनं मला सांगितलं होतं. आता हा दोर खांद्यावर टाकणार, कोयता उचलणार, आल्बिनाबायला काहीतरी कारण सांगणार आणि केळीबागेच्या वाटेनं निघून जाणार. आणि उद्या पलीकडच्या बांधावरून. मला तोंड उघडून काही सांगावंसं वाटलं, पण दोन वर्षं जे बोललो नव्हतो ते ऐनवेळी जिभेवर येईना.

तो फेबियनपाशी गेला. दोर उलगडला आणि त्याच्या कमरेला बांधला. आमची गाठ नाही, फेबियनचीच, ती होडीवरची. कधी शिकला होता देव जाणे. दोनदा ओढून बघितली.

"चढ," तो म्हणाला. "दोर मी धरतो. आज गुडघा दुखतो."

गुडघ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. फेबियन एकदा आंब्याकडे आणि एकदा सासऱ्याकडे बघून चढायला लागला. त्याचं चढणं म्हणजे डोलकाठीवर चढल्यासारखं, हातांवर जास्त भार. मला ते बघवत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

बस्त्याव माडाशी बसला, दोराला वेढा घेतला. मग मला म्हणाला, "काशा, हितं ये. बाजूला बस."

मी जाऊन बसलो. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. वर फेबियननं दुसरी फांदी ठोकली. ठक्क. अगदी देवळातल्या खांबासारखी भरीव. मी डाव्या हातानं बस्त्यावच्या गुडघ्यावर एकदा थोपटलं. त्यानं दोराला एक हिसका दिला. फेबियननं दोर घेतला. मग कललेल्या फांदीवर जाऊन तिचं टोक ठोकलं. डब. मी दोनदा थोपटलं, वर दोन हिसके गेले. फेबियन तिथून मागं सरकला आणि भरीव जागा बघून करवत लावली. स्वयंपाकघराच्या कौलांवरून फांदीचा पहिला तुकडा त्यानं दुसऱ्या दोरानं वरूनच अलगद खाली सोडला, आणि पाळण्यातल्या पोरावर ठेवावी तशी आल्बिनाबायनं खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली. एकही कौल हललं नाही.

बस्त्यावला उत्साह आला होता. दोर तो फार घट्ट धरत होता, नवीन माणसासारखा. दोर धरण्याचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही, हे मी त्याला पंचवीस वर्षं सांगत आलो होतो. फेबियनला पुढं सरकता येईना. त्यानं वरून ओरडून काहीतरी सांगितलं. पाठमोरा होता, तोंड दिसत नव्हतं.

बस्त्याव दोराकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पूर्वी असं झालं, की तो खोकायचा, विडी शोधायचा, किंवा "हां, हां" म्हणून वेळ मारून न्यायचा, आणि मीही त्याला ती मारून नेऊ द्यायचो.

तो म्हणाला, "काय म्हनाला रे? मना ऐकू नाय आलं."

अगदी साध्या आवाजात. वारा पडला म्हणावं, तसं. ज्या वाक्याला आम्ही दोघंही दोन वर्षं वळसा घालून चाललो होतो, ते त्यानं दोराचा वेढा नीट करता करता टाकून दिलं. मी हातानं डोळे पुसले, आणि लिंबाचा हात डोळ्याला लागून आणखीच पाणी आलं. बरंच झालं, सांगायला कारण मिळालं.

"म्हणतो, मामा, दोर सैल सोडा," मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं. "जावई हाय, बैल नाय."

बस्त्यावनं विचार केला. "त्याला सांग, जावई की बैल, ते मॅग्डलीनला विचारून सांगतो."

मी नियमबियम सोडून वर तोंड केलं आणि ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. फेबियन आंब्यावर असा खदखदून हसला की फांद्या हलल्या. ते हसणं दोरातून खाली बस्त्यावच्या हातात आलं. त्यानं दोर थोडा सैल सोडला आणि तोही हसायला लागला.